सीमा ओलांडली की सहापट: करेलियातल्या मुलांच्या मधुमेहाचं प्रकरण

पेट्रोझावोड्स्क हे रशियातल्या करेलिया प्रजासत्ताकाचं मुख्य शहर, ओनेगा सरोवराच्या काठावर वसलेलं. तिथून पश्चिमेकडे निघालं की पाइनची जंगलं, तळी, दलदल असं करत करत फिनलंडची सीमा लागते. पलीकडेही तेच जंगल, तशीच तळी, तोच लांबलचक अंधारा हिवाळा. १९९० ते १९९९ या दहा वर्षांत पंधरा वर्षांखालच्या किती मुलांना टाइप १ मधुमेह झाला, याची सीमेच्या दोन्ही बाजूंना मोजदाद झाली. फिनलंडमध्ये दरवर्षी लाख मुलांमागे ४१.४ मुलं. रशियन करेलियात ७.४.

जवळपास सहापट फरक, आणि तोही शेजाऱ्या-शेजाऱ्यांत. पहिली शंका कुणालाही येईल ती अशी, की फिनिश लोकांच्या रक्तातच काहीतरी असणार. जगात या आजाराचं प्रमाण सर्वांत जास्त फिनलंडमध्येच आहे, त्यामुळे ही शंका जुनीच. मग फिनलंड आणि करेलियातल्या संशोधकांनी मिळून दोन्हीकडच्या सर्वसाधारण लोकांचं रक्त तपासलं आणि या आजाराचा धोका वाढवणारी मुख्य जनुकं किती जणांत सापडतात ते मोजलं. प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं. अनिता कोंद्राशोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला.

बी तेच, पेरणी तेवढीच, आणि पीक मात्र एका बांधावर सहापट.

हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा का वाचते ते सांगते. मुलांच्या मधुमेहाच्या ओपीडीत मी समुपदेशनाचं काम करते. नवीन मूल आलं की पहिल्या आठवड्यात इन्सुलिनचं पेन कसं धरायचं, साखर खाली गेली तर काय द्यायचं, शाळेत कुणाला सांगून ठेवायचं हे सगळं शिकवून होतं. मग कुणीतरी तो प्रश्न काढतंच. बहुतेक वेळा आजी. ‘आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाला साखर नाही हो मॅडम, हे आलं कुठून?’ प्रश्न मला असतो, रोख सुनेकडे असतो. ती मांडीवर फाइल घेऊन खाली मान घालून बसलेली असते. मुलाचे वडील भिंतीवरचा तक्ता वाचत राहतात. ‘आनुवंशिक’ हा शब्द आपल्याकडे ‘कुणाच्या बाजूचं’ एवढ्याच अर्थानं ऐकला जातो. त्या आईला द्यायला माझ्याकडे करेलियापेक्षा चांगलं उत्तर नाही. पण उत्तर नीट समजायचं तर आधी ती जनुकं म्हणजे काय ते बघावं लागेल.

खोबणीतलं जनुक

टाइप १ मधुमेहात शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. गोड खाण्याशी, लाडाशी, आईच्या डोहाळ्यांशी याचा काही संबंध नाही. मोठ्या वयात पोटाच्या घेराबरोबर येणारा टाइप २ मधुमेह हा वेगळा आजार. आजीच्या ‘सात पिढ्यां’मध्ये कुणाला तो असला किंवा नसला, तरी नातवाच्या आजारावर त्यातून काही प्रकाश पडत नाही.

प्रतिकारशक्ती उलटते कशी? आपल्या सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर एचएलए नावाच्या जनुकांचा एक दाट पट्टा आहे. या जनुकांपासून बनणारे रेणू पेशींच्या पृष्ठभागावर उभे असतात आणि त्यांच्या माथ्यावर एक खोबण असते. शरीरात जे काही प्रथिन येतं, मग ते जंतूचं असो की स्वतःचं, त्याचे तुकडे या खोबणीत बसवून टी पेशी नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना दाखवले जातात. टी पेशी तुकडा बघून ठरवतात, आपला की परका. खोबणीचा आकार माणसागणिक वेगळा असतो. काही आकारांत इन्सुलिनचा तुकडा असा अर्धवट, सैलसा बसतो की थायमस ग्रंथीत टी पेशींना ‘हा आपलाच’ ही ओळख पक्की होत नाही, आणि त्या नीट न शिकलेल्या पेशी पुढे रक्तात मोकळ्या सुटतात, असा सध्याचा समज आहे. १९८७ साली जॉन टॉड, जॉन बेल आणि ह्यू मॅकडेव्हिट यांनी दाखवलं की डीक्यू नावाच्या एचएलए रेणूच्या बीटा साखळीत ५७व्या जागी कोणतं अमिनो आम्ल आहे यावर मुलाचा धोका बराच अवलंबून असतो. तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल असेल तर बहुधा संरक्षण मिळतं. एका जागेचा एवढा परिणाम! मला आजही याचं नवल वाटतं.

धोक्याचे मुख्य संच दोन. एकाला डीआर३-डीक्यू२ म्हणतात, दुसऱ्याला डीआर४-डीक्यू८. युरोपीय वंशाच्या रुग्ण मुलांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलांत यातला निदान एक असतो. पण हे संच निरोगी लोकांतही भरपूर आहेत, शंभरात चाळीसेक जणांत. एचएलएचे काही संच उलट संरक्षण देणारेही असतात. डीक्यू६चा एक प्रकार युरोपात साधारण वीस टक्के लोकांत सापडतो, रुग्ण मुलांत मात्र शंभरात एकाकडेही नसतो.

सर्वांत जास्त धोका कोणाला? ज्याच्याकडे एका बाजूनं डीआर३ आणि दुसऱ्या बाजूनं डीआर४ आलं आहे त्याला. आजीला मी इथे थांबवते. एचएलएचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. सर्वांत धोक्याची जोडी होण्यासाठी दोघांचीही ओंजळ लागते. माहेरकडून अर्धं, सासरकडून अर्धं, आणि दोन्ही घरी कुणालाच आजार नाही. मूल ते दोन अर्धे एकत्र येऊन घडलेलं. शिवाय ही जोडी असलेल्या मुलांपैकीही, घरात आधी कुणाला आजार नसेल तर, पंधराव्या वर्षापर्यंत मधुमेह होतो तो साधारण वीसात एकाला. एकोणीस जणांना होत नाही.

एचएलएखेरीज आणखी पन्नासेक जागा सापडल्या आहेत, प्रत्येकीचा वाटा लहान. त्यातली एक अकराव्या गुणसूत्रावर खुद्द इन्सुलिनच्या जनुकाशेजारी आहे. तिथे एक छोटा मजकूर पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. आवर्तनं जास्त असतील तर थायमसमध्ये इन्सुलिन जास्त तयार होतं, टी पेशींचं शिक्षण चांगलं होतं, धोका कमी होतो. पीटीपीएन२२ हे जनुक टी पेशींच्या लगामाशी संबंधित आहे. सीटीएलए४, आयएल२आरए यांचंही तेच. आयएफआयएच१ विषाणूची चाहूल घेणारं. वारशानं येणाऱ्या धोक्याचा अर्ध्याच्या आसपास भाग एकट्या एचएलएचा, आणि बाकी सगळ्यांचा मिळून उरलेला.

जुळ्यांकडे पाहिलं की याची मर्यादा कळते. फिनलंडच्या एका मोठ्या जुळ्यांच्या अभ्यासात एकाच बीजापासूनच्या, म्हणजे जनुकं हुबेहूब असलेल्या, जोड्यांत दोघांनाही टाइप १ झाल्याचं प्रमाण २७ टक्के निघालं. वेगवेगळ्या बीजांच्या जुळ्यांत ४ टक्के. सत्तावीस विरुद्ध चार, म्हणजे जनुकांचा हात नक्की आहे. आणि शंभरातल्या उरलेल्या त्र्याहत्तर जोड्यांत तीच जनुकं घेऊन एक भाऊ सुई टोचतो आणि दुसरा टोचत नाही. इतर देशांतल्या दीर्घकाळच्या पाहणीत वय वाढेल तसा दुसऱ्या जुळ्याचा आकडाही वाढत जातो, हेही सांगायला हवं.

करेलियाचा हिशेब

करेलिया हा प्रदेशच सीमेनं चिरला गेलेला. १९३९-४०च्या हिवाळी युद्धानंतर मॉस्कोच्या तहात फिनलंडला करेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाला द्यावा लागला आणि चार लाखांहून जास्त माणसं घरं सोडून फिनलंडच्या आत आली. आज रशियन बाजूला बहुसंख्य लोक स्लाव आहेत. करेलियन आणि फिनिश अल्पसंख्य. तेव्हा ‘दोन्हीकडे एकच माणसं’ असं म्हणणं धाडसाचं होईल. संशोधकही तसं म्हणत नाहीत. त्यांनी म्हटलं ते एवढंच, की धोक्याच्या एचएलए प्रकारांचं प्रमाण दोन्हीकडे सारखं आहे. इतर छोट्या जनुकांमध्ये थोडाफार फरक असेल. पण अर्धा वारसा सारखा असताना उरलेल्या किरकोळ फरकांतून सहापटीचं अंतर निघणं कठीण.

मी हा अभ्यास पहिल्यांदा वाचला तेव्हा मला एक वेगळीच शंका आली होती. आपल्याकडच्या अनुभवातून आलेली. नव्वदच्या दशकात सोव्हिएत संघ कोसळलेला, दवाखान्यांची आबाळ. मुलं निदान न होताच गेली असतील तर? टाइप १ झालेलं मूल इन्सुलिनशिवाय जगत नाही, आणि मेंदूज्वर किंवा न्यूमोनिया समजून दगावलेलं मूल कुठल्याच नोंदीत येत नाही. भारतात हे घडत आलं आहे.

शंकेचं उत्तर दुसऱ्या एका आजारानं दिलं. सीलिअ‍ॅक आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते, आणि त्याची जनुकं तीच: डीक्यू२ आणि डीक्यू८. इथे दवाखान्याच्या नोंदींवर विसंबायचं नव्हतं. शाळेतल्या मुलांचं रक्त घेऊन थेट अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीनं बनवलेली हल्ल्याची प्रथिनं, तपासल्या आणि ज्यांच्यात सापडल्या त्यांच्या आतड्याचा तुकडा काढून खात्री केली. २००८ साली निकाल आला. फिनलंडमध्ये १०७ मुलांत एकाला सीलिअ‍ॅक, रशियन करेलियात ४९६ मुलांत एकाला. धान्य दोन्हीकडे सारखंच खाल्लं जात होतं. म्हणजे जनुक तेच, गहूही तोच, तरी आजार पाचपट कमी. लपलेल्या रुग्णांची शंका इथे टिकत नाही.

मधुमेह नसलेल्या शाळकरी मुलांच्या रक्तात बीटा पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीही शोधल्या गेल्या. काही अँटिबॉडी दोन्हीकडे सारख्याच आढळल्या. आजार पुढच्या पायरीवर गेल्याची खूण असलेली आयए-२ अँटिबॉडी मात्र फिनलंडमध्ये बरीच जास्त होती. यावरून असं वाटतं की ठिणगी दोन्हीकडे पडते, करेलियात ती बहुधा विझते.

सीमा ही जागेची झाली. काळाचीही एक सीमा फिनलंडनं ओलांडली आहे. १९८० साली तिथे लाख मुलांमागे ३१.४ नवे रुग्ण होते, २००५ साली ६४.२. पंचवीस वर्षांत दुप्पट. त्यानंतर वाढ थांबल्यासारखी झाली. पंचवीस वर्षांत एखाद्या देशाची जनुकं बदलत नाहीत. याहून बोलकी गोष्ट म्हणजे नव्या रुग्णांमधली डीआर३-डीआर४ जोडीची मुलं प्रमाणानं कमी होत गेली. फिनलंडमध्ये १९३९ ते १९६५ दरम्यान आजारी पडलेल्यांची १९९०नंतरच्या रुग्णांशी तुलना झाली, ब्रिटनमध्येही तशीच झाली, आणि दोन्हीकडे हेच दिसलं. पूर्वी सर्वांत धोक्याची जनुकं असतील तेच मूल सापडायचं. आता मध्यम, अगदी सौम्य धोक्याची मुलंही आजारी पडतात. आजूबाजूच्या परिस्थितीचा रेटा वाढला की कमी उताराच्या जमिनीवरूनही पाणी वाहू लागतं, तसं.

आपल्या उपखंडाची माणसंही या प्रकारच्या हिशेबात एकदा आली आहेत. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात दक्षिण आशियातून गेलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. १९७८ ते १९८१ दरम्यान तिथल्या आशियाई मुलांत टाइप १चं प्रमाण लाखामागे ३.१ होतं. १९८८ ते १९९०पर्यंत ते ११.७ झालं, स्थानिक गोऱ्या मुलांच्या प्रमाणाच्या जवळ येऊ लागलं. जनुकं मायदेशातून आणलेलीच होती.

पण एकाच बाजूचा पुरावा मांडून मी थांबले तर ते खोटं होईल. सार्डिनिया या इटलीच्या बेटावर फिनलंडखालोखाल टाइप १ आढळतो. तिथून मुख्य भूमीवर, रोमच्या लाझियो प्रांतात, स्थलांतर केलेल्या आईवडिलांची मुलं जन्मली लाझियोत, वाढली लाझियोत, तरी त्यांचा धोका स्थानिक मुलांच्या चौपट राहिला. त्यांनी बेट सोडलं, बेटानं त्यांना सोडलं नाही. दोन्ही प्रकरणं एकत्र ठेवली की एवढं कळतं: जनुकं कोणाला होऊ शकतो ते ठरवतात, आणि त्यातल्या किती जणांना होईल हे जिथे मूल वाढतं ती जागा ठरवते. दोन्हीपैकी एकाला वजा करून हिशेब जुळत नाही.

मग सीमेपलीकडे आहे तरी काय?

ऊन कमी म्हणून ड जीवनसत्त्व कमी, हा पहिला अंदाज होता. दोन्हीकडच्या गरोदर बायकांच्या रक्तात ते मोजलं, फरक निघाला नाही. अक्षांश एकच, हिवाळा एकच, तेव्हा हे अपेक्षितच होतं.

मोठा फरक होता राहणीमानाचा. सीमेच्या एका बाजूला जगातल्या सधन देशांपैकी एक, दुसऱ्या बाजूला विहिरीचं पाणी, परसातल्या भाज्या, दाटीवाटीची घरं. करेलियातल्या मुलांच्या रक्तात हेपटायटिस ए, जठरातला हेलिकोबॅक्टर, टॉक्सोप्लाझ्मा यांच्या संसर्गाच्या खुणा फिनिश मुलांपेक्षा खूप जास्त सापडल्या. अ‍ॅलर्जी मात्र कमी. लहान वयात जंतूंशी झटापट झालेली प्रतिकारशक्ती घरच्यांवर हात उगारत नाही, असा एक तर्क यातून मांडला जातो.

हा तर्क तपासायला डायबइम्यून नावाचा प्रकल्प उभा राहिला. हेलसिंकीचे मिकाएल क्निप त्याचे प्रमुख. फिनलंडमधलं एस्पो, एस्टोनियातलं टार्टू आणि करेलियातलं पेट्रोझावोड्स्क, अशा तीन ठिकाणी धोक्याची एचएलए जनुकं असलेली बाळं जन्मापासून पाहिली. एस्टोनिया मधला दुवा म्हणून: १९९१ साली स्वतंत्र झालेला, झपाट्यानं सुधारत गेलेला, आणि टाइप १चं प्रमाणही चढत गेलेलं. २०१६ साली २२२ बाळांच्या शीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फिनलंड आणि एस्टोनियाच्या बाळांच्या आतड्यात पहिल्या वर्षी बॅक्टेरॉइड्स गटाचे जिवाणू भरपूर होते. रशियन बाळांत सुरुवातीला बायफिडोबॅक्टेरियम आणि ई. कोलाय जास्त.

यातल्या बॅक्टेरॉइड्स आणि ई. कोलाय यांच्या कवचावर एलपीएस नावाचा एक मेदयुक्त रेणू असतो, आणि प्रतिकारशक्तीला जागं करण्याचं काम तो करतो. ई. कोलायचं एलपीएस चांगलंच टोचतं. बॅक्टेरॉइड्सचं मुकं असतं, वर टोचणाऱ्याचाही आवाज दाबतं. मधुमेह होणाऱ्या जातीच्या उंदरांना ई. कोलायचं एलपीएस दिलं तर आजार लांबला. बॅक्टेरॉइड्सचं दिलं तर नाही. सुरेख मांडणी आहे. मलाही ती खरी ठरावी असं मनापासून वाटतं. पण उंदरांचं माणसांत उतरतंच असं नाही, आणि त्या २२२ बाळांत पुढे मधुमेह झालेली फारच थोडी होती. अमेरिका आणि युरोपातल्या टेडी या कितीतरी मोठ्या अभ्यासात २००४ ते २०१० दरम्यान सव्वाचार लाख नवजात बाळांची जनुकं तपासून ८,६७६ बाळं पाहणीत घेतली गेली. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंत फरक दिसले, पण सौम्य. त्याच अभ्यासात कॉक्सॅकी बी गटाचे एंटेरोविषाणू (आतड्यात वाढणारे विषाणू) बराच काळ शीतून पडत राहिलेल्या बाळांत बीटा पेशींविरुद्ध अँटिबॉडी जास्त आढळल्या. गंमत अशी की करेलियात एंटेरोविषाणूंचे संसर्ग फिनलंडपेक्षा जास्त आहेत, आजार कमी. याचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं: विषाणू सगळीकडे असतील तर आईकडेही त्यांच्या अँटिबॉडी असतात, त्या बाळाला मिळतात आणि पहिला हल्ला सौम्य होतो. विषाणू दुर्मीळ झाला की बाळ कवचाविना सापडतं. पोलिओचं असंच झालं होतं. स्वच्छता वाढली तशा त्याच्या साथी अधिक भयंकर झाल्या, आणि मग लस आली.

इथे मला एक वाक्य जोर देऊन म्हणायचं आहे, कारण ओपीडीत हा निष्कर्ष लगेच काढला जातो: मुलांना घाणीत लोळवून मधुमेह टळत नाही. करेलियातल्या गरिबीनं मुलांना कावीळ दिली, पोटाचे विकार दिले. हात धुणं आणि लसी यांना पर्याय नाही. शोध चालू आहे तो घाणीतलं नेमकं काय उपयोगी होतं याचा, जेणेकरून तेवढंच देता येईल.

जनुक कळून उपयोग काय?

फिनलंडनं हा प्रश्न १९९४ सालीच हातात घेतला. तुर्कू, टाम्पेरे आणि औलू इथल्या रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांच्या नाळेतल्या रक्तातून, आईवडिलांच्या संमतीनं, एचएलए तपासायला सुरुवात झाली. प्रकल्पाचं नाव डिप. आजवर दोन लाखांहून जास्त बाळं तपासून झाली आहेत. धोक्याची जनुकं असलेल्यांना काही महिन्यांनी बोलावून अँटिबॉडी बघायच्या.

रोखण्याचे प्रयत्न फसले. अँटिबॉडी आलेल्या मुलांना नाकातून इन्सुलिन देऊन पाहिलं, २००८ साली निकाल आला, उपयोग नाही. गाईच्या दुधातली प्रथिनं तोडून बनवलेलं दूध पंधरा देशांतल्या दोन हजारांवर बाळांना दिलं, २०१८ साली निकाल आला, उपयोग नाही. या दोन ओळींमागे किती आईवडिलांची वर्षं आहेत याचा विचार मनात आला की मी त्या कुटुंबांना मनोमन नमस्कार करते. त्यांच्याचमुळे आज हे माहीत आहे की दोन किंवा अधिक अँटिबॉडी आलेल्या मुलांपैकी जवळपास सत्तर टक्के मुलांना दहा वर्षांत मधुमेह होतो, आणि एकच अँटिबॉडी असेल तर सातातल्या एकालाच. हा आकडा फिनलंड, जर्मनी आणि कोलोरॅडोच्या मुलांचा, २०१३ सालचा. अँटिबॉडी हा जनुकापेक्षा कितीतरी पक्का इशारा आहे. याच ज्ञानावर उभं राहून २०२२ साली अमेरिकेत टेप्लिझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली. ते आजार थांबवत नाही, त्याची सुरुवात सरासरी दोनेक वर्षं लांबवतं. आठ वर्षांच्या मुलाला सुईशिवाय दोन वर्षं मिळणं म्हणजे काय, हे त्याच्या आईला विचारावं. आणि जी मुलं अशा पाहणीत असतात ती आजार सुरू होताना बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात येत नाहीत, वेळेत सापडतात.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं हैदराबाद आणि इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांबरोबर एक काम केलं, ते २०२०मध्ये प्रसिद्ध झालं. युरोपीय लोकांवर बेतलेली जनुकीय धोक्याची गुणसंख्या, म्हणजे अनेक जनुकांचा धोका मिळून काढलेला एक आकडा, पुण्याच्या रुग्णांना लावली तर टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखता येतात का? येतात, पण थोड्या कमी अचूकपणे. ज्या मोजमापात १ म्हणजे अचूक आणि ०.५ म्हणजे छापा-काटा, त्यात युरोपीयांत ०.८७, भारतीयांत ०.८४. भारतीय रुग्णांत डीआर३चं वजन जास्त, आणि युरोपात महत्त्वाचं असलेलं पीटीपीएन२२चं धोक्याचं रूप आपल्यात फार क्वचित. या कामाचा खरा फायदा आहे तो विशीतल्या, सडपातळ, साखर वाढलेल्या तरुणाला कोणता मधुमेह आहे हे ठरवताना. आपल्याकडे टाइप २ लवकर आणि बारीक अंगाच्या माणसांनाही होतो, त्यामुळे ही चूक सारखी होते आणि ज्याला इन्सुलिन हवं तो गोळ्यांवर राहतो. म्हणून ऑनलाइन मागवलेल्या जनुकीय चाचणीचा चकचकीत रिपोर्ट घेऊन कुणी आलं, तर मी आधी विचारते, की हे आकडे कुठल्या लोकांवर बेतलेले आहेत?

आता आजीचा प्रश्न. टाइप १ झालेल्या दहा मुलांपैकी जवळपास नऊ मुलांच्या आईवडिलांत किंवा सख्ख्या भावंडांत कुणालाच तो नसतो. ‘आमच्याकडे कुणाला नाही’ हेच बहुतेक घरांत असतं. आणि ज्या घरांत असतो तिथे, वडिलांना असेल तर शंभरातल्या सहाएक मुलांना होतो, आईला असेल तर दोन-तीन मुलांना. आईच्या बाजूनं धोका कमीच. मी हे आकडे सांगते तेव्हा सुनेची मान थोडी वर येते. आजीही बहुतेक वेळा समजून घेतात. त्यांनाही दोष द्यायचा नसतो, त्यांना कारण हवं असतं.

वडिलांचा प्रश्न उठता उठता येतो: ‘धाकटीची जनुकं तपासून घेऊ का?’ सख्ख्या भावंडाचा धोका, युरोपातल्या आकड्यांनुसार, शंभरात सहाच्या आसपास. दोघांनी आईवडिलांकडून एचएलएचे तेच दोन्ही संच घेतले असतील आणि ते डीआर३-डीआर४ असतील तर तो कितीतरी पटींनी चढतो. पण जनुक कळल्यावर आज घरी करण्यासारखं वेगळं काही नाही. तपासायचंच असेल तर डॉक्टरांशी बोलून अँटिबॉडी तपासाव्यात, आणि निकाल आला तर त्याचं काय करायचं हे आधी ठरवून. त्याशिवाय लक्ष ठेवायचं ते एवढ्यावर: धाकटी अचानक ढसाढसा पाणी प्यायला लागली, सारखी लघवीला जायला लागली, अंथरूण ओलं करणं थांबलेलं असताना पुन्हा सुरू झालं, खाऊनपिऊन वाळायला लागली, तर आठवडाभर वाट बघायची नाही. त्याच दिवशी बोटाला टोचून साखर बघायची. ग्लुकोमीटर घरात आहेच.